थॉमस मिजली : गाडीच्या एसीतल्या गॅसची गोष्ट



१६ सप्टेंबर हा जागतिक ओझोन दिन. परिपाठात दोन मिनिटांचं भाषण होतं, फलकावर छत्री घेतलेली पृथ्वी काढली जाते आणि ओझोनचा थर सीएफसी वायूंमुळे विरळ झाला, हे वाक्य मुलं पाठ म्हणून दाखवतात. पण हा वायू कोणी बनवला आणि कशासाठी बनवला, हे सहसा कोणी सांगत नाही. त्यामुळे मुलांना वाटतं की कोणा दुष्ट माणसाने हे मुद्दाम केलं असणार. तसं अजिबात नव्हतं.

सप्टेंबर सरला की आपल्याकडे ऑक्टोबर हीट सुरू होते. सीवूड्स घ्या नाहीतर खारघर, सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी विचारतंच की गाडीचा एसी गरम हवा मारतोय, गॅस कुठे भरून मिळेल. ओझोन दिन आणि गाडीचा एसी हे दोन विषय वरवर वेगळे दिसतात, पण माग काढत गेलं की दोन्ही एकाच माणसापाशी पोचतात. त्यांचं नाव थॉमस मिजली. त्यांचं चरित्र पाठ्यपुस्तकात नाही. पण वर्गात सांगण्यासारखं त्यात खूप आहे, आणि सांगताना जपून सांगावं असंही बरंच आहे.

आधी एसीबद्दल थोडं, म्हणजे पुढचं नीट कळेल. एसी गारवा तयार करत नाही. तो गाडीच्या आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. इंजेक्शनच्या आधी नर्सबाई स्पिरिटचा बोळा दंडावर फिरवतात तेव्हा गार लागतं ना, तसंच हे. द्रवाची वाफ होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. माठातलं पाणीही याच कारणाने गार होतं. गाडीत डॅशबोर्डच्या मागे एक कूलिंग कॉइल असते. तिच्यात द्रवाचा गॅस होतो, कॉइल थंड पडते आणि ब्लोअर तिच्यावरून हवा आत फेकतो. मग कॉम्प्रेसर तो गॅस ओढून दाबतो, दाबल्याने तो चांगलाच तापतो, गाडीच्या तोंडाशी रेडिएटरपुढे असलेल्या कंडेन्सरमध्ये ती उष्णता बाहेरच्या हवेला देऊन त्याचा पुन्हा द्रव होतो, आणि एका बारीक तोंडाच्या वाल्वमधून तो परत कॉइलकडे येतो. हे चक्र बंद असतं. पेट्रोल जळून संपतं तसा एसीतला गॅस संपत नाही, तोच तो फिरत राहतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मिजली.

त्यांचा जन्म १८ मे १८८९ रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात बीव्हर फॉल्स या गावी झाला. बालपण ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात गेलं. घरात यंत्रांचंच वातावरण. आईचे वडील जेम्स इमर्सन यांनी दात बदलता येणारी गोल करवत शोधली होती, आणि स्वतःचे वडील गाड्यांच्या टायरवर काम करायचे. १९११ साली कॉर्नेल विद्यापीठातून मिजली पदवीधर झाले, तेही यंत्र अभियांत्रिकीत. रसायनशास्त्रात पुढे त्यांनी मोठं नाव काढलं, पण ते शास्त्र ते बरंचसं काम करता करता, आपलं आपणच शिकले. पदवीचा विषय एक आणि आयुष्याचं काम दुसरं, असं झालेल्या मुलांच्या पालकांनी हे वाचून थोडं निश्चिंत व्हावं.

१९१६ साली ते डेटन शहरात चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयोगशाळेत लागले. केटरिंग हेही नावाजलेले संशोधक. पूर्वी मोटारी पुढून हँडल मारून सुरू कराव्या लागत. ते हँडल काढून बटणावर सुरू होणारी मोटार शक्य झाली ती केटरिंग यांच्या विजेच्या स्टार्टरमुळे. पुढे ही प्रयोगशाळा जनरल मोटर्स कंपनीत सामील झाली.

त्या काळी मोटारींना एक रोग होता. चढावर किंवा जोर लावताना इंजिनातून खडखड, टकटक असा आवाज यायचा. आपले मेकॅनिक आजही याला नॉकिंगच म्हणतात. त्यात इंजिनाची ताकद वाया जायची आणि पिस्टनही खराब व्हायचा. लोकांनी दोष टाकला केटरिंग यांच्या नव्या बॅटरी-इग्निशनवर. केटरिंग यांनी नव्या मुलाला, म्हणजे मिजली यांना, हे काम दिलं.

मिजली यांनी काय केलं पाहा. आवाज कुठून येतो याचा अंदाज बांधत ते बसले नाहीत. सिलिंडरच्या आत दाब कोणत्या क्षणी किती वाढतो हे टिपण्याची सोय त्यांनी केली. त्यात दिसलं की ठिणगी आपल्या वेळेवरच पडते, टकटक होते ती ठिणगीनंतर. म्हणजे इग्निशनचा दोष नव्हता. इंधन जळण्याच्या पद्धतीतच दोष होता. इंधनाचा काही भाग ज्वाळा पोचण्याआधीच एकदम पेट घेत होता.

पुढची गोष्ट मला फार आवडते, कारण विज्ञान शिकवताना ती सोन्यासारखी आहे. अमेरिकेत जमिनीलगत पसरणारं एक रोपटं आहे. त्याची पानं मागून लालसर असतात आणि ते बर्फ वितळायच्या आधीच फुलतं. केटरिंग आणि मिजली यांनी तर्क केला की लाल रंग उष्णता लवकर शोषत असावा. मग इंधन लाल रंगवलं तर ते लवकर तापून नीट वाफ होईल आणि टकटक थांबेल. तेलात विरघळणारा लाल रंग हाताशी नव्हता, म्हणून मिजली यांनी आयोडीन घातलं. टकटक खरंच कमी झाली! इथे कोणीही खूश होऊन थांबलं असतं. मिजली यांनी दुकानातून वेगवेगळे लाल रंग आणवले आणि एकेक घालून पाहिला. एकानेही फरक पडला नाही. मग त्यांनी आयोडीन असलेला पण बिनरंगाचा पदार्थ घातला. टकटक थांबली. म्हणजे तर्क चुकीचा होता, उपाय बरोबर होता, आणि उपायाचं कारण रंग नसून आयोडीन होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची, ही पद्धत चौथी-पाचवीच्या मुलांनाही या गोष्टीतून सहज कळते.

आयोडीन महाग होतं, धातूही खायचं. पुढची काही वर्षं अनेक पदार्थ तपासण्यात गेली. त्यातल्या टेल्युरियमने काम तर झालं, पण त्याचा लसणासारखा वास अंगाला आणि कपड्यांना असा चिकटायचा की आंघोळ करून जाईना. शेवटी मिजली यांनी मूलद्रव्यांचा तक्ता समोर ठेवून शोधाला दिशा दिली. ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाने इंजिन शांत केलं. गॅलनभर पेट्रोलला चमचाभरही लागत नव्हतं.

इथपर्यंत मिजली म्हणजे आपल्याला हवा तसा विद्यार्थी. जिज्ञासू, चिकाटीचा, स्वतःच्याच तर्कावर शंका घेणारा. यापुढचा भाग मात्र अवघड आहे.

शिसं विषारी असतं हे १९२१ साली नव्याने कळायचं राहिलं नव्हतं. प्राचीन रोमन काळापासून ते माहीत होतं. डॉक्टरांनी आणि शास्त्रज्ञांनी कंपनीला तसं कळवलंही. शिवाय दुसरा उपाय उपलब्ध होता. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळलं तरी टकटक थांबते हे मिजली यांना ठाऊक होतं, त्यांनी स्वतः तसे प्रयोग केले होते. आज आपल्या पंपांवर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, तीच कल्पना. पण अल्कोहोल जास्त मिसळावं लागतं, आणि ते कोणीही गाळू शकतो, त्यावर पेटंटचा पैसा मिळत नाही. शिशाचं संयुग मात्र कंपनीच्या हातात राहणार होतं. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनच्या पंपावर ते पेट्रोल विकायला आलं. नाव दिलं एथिल. नावात शिसं हा शब्दच नव्हता.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला मिजली स्वतः शिशाच्या बाधेने आजारी पडले होते आणि विश्रांतीसाठी फ्लोरिडाला गेले होते. म्हणजे काय होतं हे त्यांनी अंगावर घेऊन पाहिलं होतं. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे येथे हे संयुग बनवणाऱ्या ठिकाणी कामगारांना भ्रम होऊ लागले, झटके आले आणि पाच जण दगावले. वर्तमानपत्रांत बोंब झाली. तेव्हा ३० ऑक्टोबरला मिजली यांनी न्यूयॉर्कमध्ये पत्रकारांना बोलावलं, ते द्रव्य सगळ्यांसमोर हातावर ओतून हात धुतल्यासारखे चोळले, आणि बाटली नाकाशी धरून मिनिटभर वासही घेतला. यात धोका नाही हे त्यांना दाखवायचं होतं. काही काळ विक्री थांबली, सरकारी चौकशी झाली, आणि १९२६ मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली. मग सगळ्या जगातल्या मोटारी पन्नास वर्षांहून जास्त काळ धुरातून शिसं सोडत राहिल्या.

आपण शिक्षक आहोत म्हणून हे ठळक सांगते. शिशाचा सगळ्यात जास्त त्रास लहान मुलांना होतो. ते वाढत्या मेंदूवर परिणाम करतं. लक्ष लागत नाही, आकलन मंदावतं, चिडचिड वाढते. आज एखादं मूल वर्गात मागे पडलं तर आपण घरची परिस्थिती बघतो, झोप बघतो, डोळे तपासायला सांगतो. रस्त्यालगतच्या शाळांतली किती मुलं त्या धुरामुळे मागे पडली असतील, ते कोणाच्या प्रगतिपुस्तकात लिहिलेलं नाही. मुंबईसह चार महानगरांत बिनशिशाचं पेट्रोल मिळायला लागलं ते १ एप्रिल १९९५ पासून, तेही नव्या प्रकारच्या मोटारींसाठी. सगळ्या देशात शिशाचं पेट्रोल बंद झालं १ फेब्रुवारी २००० ला. म्हणजे आज तिशीत असलेल्या माझ्यासारख्या शिक्षकांचं बालपणही त्याच धुरात गेलं. जगात शेवटी थांबला तो अल्जेरिया, २०२१ साली.

आता एसीच्या गॅसकडे येऊ.

१९२० च्या दशकात अमेरिकेत घरगुती फ्रिज आले होते, पण त्यांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड नाहीतर मिथाइल क्लोराइड भरलेलं असायचं. यातला एकही वायू घरात गळावा असा नाही. गळती झाली की माणसं गुदमरायची, रात्री झोपेत मेल्याच्या घटनाही झाल्या. भीतीने लोक फ्रिज अंगणात नेऊन ठेवत. जनरल मोटर्सची फ्रिज बनवणारी कंपनी होती फ्रिजिडेअर. १९२८ मध्ये केटरिंग यांनी मिजली यांच्यापुढे प्रश्न ठेवला की विषारी नाही, पेट घेत नाही आणि तरी गार करतो, असा वायू हवा.

मिजली यांनी पुन्हा मूलद्रव्यांचा तक्ता काढला. ॲल्बर्ट हेन आणि रॉबर्ट मॅकनेरी हे सहकारी बरोबर होते. तक्त्यात विषारीपणा आणि ज्वलनशीलता कोणत्या बाजूला कमी होत जाते हे पाहता पाहता बोट थांबलं फ्लोरिनवर. फ्लोरिन स्वतः इतका जहाल की त्याचं संयुग सुरक्षित असेल असं कोणाला वाटलं नसतं. या मंडळींनी मात्र अवघ्या तीन दिवसांत पहिलं संयुग बनवलं.

त्यासाठी लागणाऱ्या रसायनाच्या पाच लहान बाटल्या त्यांनी मागवल्या होत्या. त्यातली एक सहज उचलली, वायू बनवला, काचेच्या हंडीखाली ठेवलेल्या गिनीपिगला त्या वायूत सोडलं. प्राणी मजेत राहिला. दुसऱ्या बाटलीपासून बनवलेल्या वायूत मात्र प्राणी मेला. शोध घेतला तेव्हा कळलं की पाचांपैकी चार बाटल्यांत भेसळ होती, त्यामुळे थोडा फॉसजीन हा विषारी वायू तयार होत होता. शुद्ध बाटली एकच होती, आणि नेमकी तीच आधी हाती लागली होती. बाकीच्या चारांतली एखादी आधी उघडली असती तर हा मार्ग बहुधा तिथेच सोडून दिला गेला असता. जगाचा इतिहास कधी कधी असा कपाटातल्या बाटलीवर ठरतो.

या घराण्यातला सगळ्यात उपयोगी ठरलेला वायू म्हणजे डायक्लोरोडायफ्लोरोमिथेन, आपल्या मेकॅनिकांच्या भाषेत आर-१२. एप्रिल १९३० मध्ये अटलांटा शहरात अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत मिजली यांनी हा वायू छातीत भरून घेतला आणि सावकाश सोडून जळती मेणबत्ती विझवली. एकाच फुंकरीत दोन गोष्टी सिद्ध झाल्या. माणूस मरत नाही आणि वायू पेटत नाही. सहा वर्षांपूर्वीच्या पत्रकार परिषदेत त्यांनी हातावर विष ओतलं होतं. इथे मात्र दाखवलं ते खरंच होतं. जनरल मोटर्स आणि ड्यूपाँट यांनी मिळून कारखाना काढला आणि फ्रिऑन हे नाव बाजारात आलं.

मोटारीत एसी बसवणं शक्य झालं ते या वायूमुळेच. बंद डब्यात माणसांच्या शेजारी अमोनिया कोण ठेवणार? पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने १९४० च्या मॉडेलमध्ये कारखान्यातूनच एसी बसवून दिला. तो डिकीतली बरीच जागा खायचा. गंमत म्हणजे तो बंद करायचा तर इंजिन थांबवून, बॉनेट उघडून कॉम्प्रेसरचा पट्टा काढावा लागे! दोनेक वर्षांत पॅकार्डने तो बंद केला. पण युद्धानंतर मोटारीतला एसी परत आला तो कायमचा.

मिजली यांना मानमरातब खूप मिळाले. शंभरहून जास्त पेटंट त्यांच्या नावावर होती. १९४१ साली रसायनशास्त्रातलं मानाचं प्रीस्टली पदक मिळालं, आणि १९४४ मध्ये ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष होते. पण १९४० मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी त्यांना पोलिओ झाला आणि पाय गेले. स्वभाव तोच. बिछान्यातून स्वतः उठता यावं म्हणून त्यांनी दोऱ्या आणि कप्प्यांची एक योजना केली. २ नोव्हेंबर १९४४ रोजी त्याच दोऱ्यांत गळा अडकून त्यांचा मृत्यू झाला. तो अपघात होता की त्यांनी स्वतःच जीव दिला, याबद्दल दोन्ही मतं आहेत. प्राथमिकच्या मुलांना हा भाग सांगू नये, आजारपणात ते गेले इतकं पुरे.

ओझोनचं प्रकरण त्यांच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी उघडकीला आलं. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड या शास्त्रज्ञांनी मांडलं की हे वायू जमिनीजवळ कशानेच तुटत नाहीत, पावसात विरघळत नाहीत, म्हणून वर्षानुवर्षं तरंगत वरच्या थरात पोचतात. तिथे सूर्याच्या अतिनील किरणांनी ते फुटतात आणि क्लोरीन सुटा होतो. क्लोरीनचा एक अणू ओझोनच्या लाखभर रेणूंचा नाश करू शकतो. जो टिकाऊपणा घरात माणसाचा जीव वाचवत होता, तोच वर जाऊन घात करत होता. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोन छिद्र जाहीर झालं, १६ सप्टेंबर १९८७ ला माँट्रियल करार झाला, भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला आणि २००८ मध्ये आपल्याकडे सीएफसीचं उत्पादन जवळजवळ पूर्ण थांबलं. आपण ओझोन दिन साजरा करतो ती तारीख या कराराची.

इंटरनेटवर मिजली यांना एकट्या माणसाने केलेल्या सगळ्यात मोठ्या नुकसानीचा धनी म्हणतात. मला हे सरसकट पटत नाही. त्यांचे दोन शोध वेगवेगळे तोलायला हवेत. १९२८ साली वातावरणाच्या वरच्या थरात क्लोरीन काय करील हे सांगू शकेल असा माणूस जगात नव्हता, आणि त्या वायूने अनेक घरांतलं झोपेतलं मरण टाळलं. त्याचा दोष मी त्यांना देणार नाही. शिशाचं तसं नाही. तिथे विष माहीत होतं, दुसरा मार्ग माहीत होता, स्वतःला बाधा झालेली होती, माणसं मेली होती, आणि तरी त्यांनी हात धुऊन दाखवले. वरच्या वर्गातल्या मुलांसमोर हे दोन्ही प्रसंग शेजारी शेजारी ठेवा आणि फरक त्यांनाच शोधू द्या. बघा, मुलं नेमकं बोलतात.

आता आपली गाडी. आर-१२ जाऊन नव्वदच्या दशकापासून गाड्यांत आर-१३४ए आला. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे चौदाशे पट आहे. आता कित्येक नव्या गाड्यांत आणखी सौम्य असा आर-१२३४वायएफ येऊ लागला आहे. आणि एसी गरम हवा मारायला लागला की आपण पहिलं वाक्य उच्चारतो, गॅस भरून द्या. थांबा. मिजली यांनी लाल रंगावर शंका घेतली तशी इथे घ्यायची.

आधी पाहा, हवा कमी येतेय की जोरात येतेय पण गरम. कमी येत असेल तर बहुतेक वेळा ग्लोव्ह बॉक्सच्या मागचा केबिन फिल्टर धुळीने बुजलेला असतो. बाहेरची हवा घेण्याचं बटण चालू राहिलंय का, तापमानाचा खटका गरमकडे सरकलाय का, तेही बघा. खटका गारवर असूनही आतला हीटरचा पडदा अडकलेला असू शकतो. पाम बीच रोडवर गाडी पळताना गार आणि सायन-पनवेल हायवेच्या ट्रॅफिकमध्ये गरम, असं होत असेल तर संशय कंडेन्सरच्या पंख्यावर घ्या. एसी लावून बॉनेट उघडा आणि पंखा फिरतोय का ते लांबूनच पाहा. हात घालू नका, मुलांना जवळ येऊ देऊ नका. कंडेन्सरच्या बारीक पात्यांत धूळ, चिखल, किडे अडकले असले तरी हेच होतं. ते हलक्या धारेच्या पाण्याने धुऊन निघतात, जोराच्या फवाऱ्याने पाती वाकतात.

त्यानंतर कॉम्प्रेसर. बऱ्याच गाड्यांत एसीचं बटण दाबलं की टक् असा आवाज येतो आणि इंजिनाचा सूर किंचित बदलतो. काहीच झालं नाही तर फ्यूज उडालेला असेल, रिले गेला असेल, पट्टा सैल असेल, नाहीतर गॅस इतका कमी असेल की सुरक्षेसाठी लावलेला प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला सुरूच होऊ देत नसेल.

गॅस खरंच कमी निघाला, तरच ते वर सांगितलेलं वाक्य कामाला येतं. चक्र बंद आहे, गॅस संपत नाही. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षांत थोडाफार झिरपतो तेवढाच. एका उन्हाळ्यात एसी गरम झाला तर गळती आहे असंच समजा. नळ्यांच्या सांध्यांतल्या रबरी रिंगा, कॉम्प्रेसरचं सील, दगड लागलेला कंडेन्सर, नाहीतर डॅशबोर्डमागची कॉइल. गॅसबरोबर थोडं तेलही फिरतं, म्हणून गळतीच्या जागी तेलकट डाग दिसतो, त्यावर धूळ चिकटलेली असते. चांगला मेकॅनिक नायट्रोजन भरून दाब टिकतो का पाहतो, सांध्यांवर साबणाचा फेस लावतो, किंवा निळ्या दिव्याखाली चमकणारा रंग सोडतो. पंक्चरवाला ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे बघतो, तेच तत्त्व. मुलांना दाखवायला घमेलं पुरेसं आहे.

नुसता गॅस भरला की हवा गार होते आणि आपल्याला वाटतं दुरुस्ती झाली. दोन-चार महिन्यांनी पुन्हा तेच, पुन्हा पैसे. आणि मधल्या काळात तो गॅस गेला कुठे? लहान गाडीत साधारण अर्धा किलो गॅस असतो. आर-१३४एचा अर्धा किलो हवेत गेला म्हणजे सुमारे सातशे किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं झालं.

घरी हे उद्योग करू नका. गॅस दाबाखाली असतो आणि उडाला तर कातडी गोठवतो. गॅरेजमध्ये मात्र चार प्रश्न जरूर विचारा. गळती कुठे सापडली? गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम किती वेळ ठेवणार? गॅस अंदाजाने भरणार की बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनाने? हे महत्त्वाचं आहे बरं का, कारण गॅस जास्त झाला तरीही एसी गरम हवा देतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. आणि चौथा, दुरुस्तीसाठी गाडीतला उरलेला गॅस काढायचा तेव्हा तो मशीनने ओढून टाकीत घेणार, की नळी सैल करून हवेत सोडणार? मशीन असलेलं गॅरेज थोडे जास्त पैसे घेतं. नळी सैल केली की फुस्स असा आवाज येतो, मिनिटभरात थांबतो, आणि मागे वासही राहत नाही.